सुधारणेच्या माहेरीं आठ दिवस

परगांवीं जाऊन आलेला मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक अपराध करितो. एक तर तेथील सर्व कांहीं सोन्याचें म्हणून सांगत सुटतो आणि आपल्या गांवास नांवें ठेवितो; नाहीं तर आपल्या गांवची पायली बरोबर नेऊन तिनें दुसऱ्याचें धान्य मोजतो आणि तें कमी भरलें म्हणून समाधान पावतो. ज्याच्या घरीं आठ दिवस मीठ खाल्लें त्याचीं उणींदुणीं चव्हाट्यावर मांडणें पाहुण्यास शोभत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु पाहुणा जर वर्तमानपत्राचा संपादक असेल, तर जें डोळ्यांनीं पाहिलें तें वाचकांपासून लपविणें हेंहि त्यास शोभत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत, माघाच्या प्रारंभीं, एका वकिली कामानिमित्त आम्हांस कलकत्त्यास जावें लागलें. काम दोन दिवसांचें होतें. राहिलों मात्र आठ दिवस. सन २००१ पासून या नगरीचें सरकारी नांव कोलकाता असें आहे. पण मराठी जिभेस पिढ्यानुपिढ्या कलकत्ता हेंच वळण पडलें आहे, सबब या लेखांत आम्ही तेंच ठेवितों.

आमचा अभिप्राय आधींच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस शेवटपर्यंत वाट पाहण्याचें कारण नको. या नगरीविषयीं जेवढा आदर मनांत घेऊन आम्ही गेलों, त्याहून अधिक आदर घेऊन परत आलों. तरीहि तेथें एक गोष्ट अशी पाहिली कीं, ती आठवतांच मान खालीं जाते. आणि ती कोणा एका कलकत्तेकराची नव्हे, तुम्हां-आम्हां सर्वांची.

आझाद हिंद एक्सप्रेसनें नागपूर, रायपूर, बिलासपूर मागें टाकून आम्ही हावड्यास उतरलों तेव्हां नुकतेंच उजाडत होतें. स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच धुक्यांतून हुगळीवरचा तो प्रचंड पूल दिसला. सन १९४३ मध्यें तो वाहतुकीस खुला झाला. त्यास सुमारें २६,५०० टन पोलाद लागलें आणि त्यांतलें २३,००० टन जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यानें दिलें. नट-बोल्ट न वापरतां, सर्व रिव्हेट ठोकून जोडलेला हा पूल युद्धाच्या ऐन धामधुमींत पुरा झाला, आणि त्यांतलें बहुतेक पोलाद या देशांतलें, हें वाचून कोणाहि स्वदेशाभिमानी मनुष्याची छाती फुगेल. आमचीहि फुगली. परंतु तें वर्ष आम्हांस दुसऱ्याहि एका गोष्टीसाठीं ठाऊक होतें. ज्या वर्षीं हा पूल उभा राहिला, त्याच वर्षीं बंगालच्या दुष्काळास तोंड लागलें. त्यांत वीस ते तीस लक्ष माणसें अन्नावांचून आणि मागून आलेल्या रोगराईनें मेलीं, आणि त्यांतलीं कित्येक या शहराच्या रस्त्यांच्या कडेला मेलीं. पोलाद होतें, पूल होता, गोदामांत धान्यहि होतें. तें भुकेल्याच्या तोंडापर्यंत नेणारें राज्य तेवढें नव्हतें. कलकत्त्यांत आम्हीं जें जें पाहिलें त्यास बहुधा अशी दुसरी बाजू निघाली, म्हणून हें आरंभींच नमूद केलें.

मराठी माणसानें या शहरांत शिरतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपण ज्यांस पराक्रमी पूर्वज म्हणतों, त्यांची आठवण बंगालच्या खेड्यापाड्यांत निराळ्या रीतीनें उरली आहे. सन १७४२ पासून सुमारें दहा वर्षें नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. आमच्या ‘बारगीर’ शब्दाचें तिकडे ‘बर्गी’ झालें, आणि लेंकरें निजविण्याच्या गाण्यांत धाक घालण्यासाठीं तो शब्द जाऊन बसला. त्याच भयानें १७४२ मध्यें कलकत्त्याभोंवतीं खंदक खणावयास घेतला. तो ‘मराठा खंदक’ पुरा झालाच नाहीं. पुढें तो बुजवून वरून रस्ता नेला. आमचे यजमान एक वृद्ध बंगाली वकील होते. त्यांनीं त्या रस्त्यावरून नेतांना ही हकीकत हंसत हंसत सांगितली. आम्हांस मात्र हंसतां आलें नाहीं. लूट ती लूट. करणारा आपला होता एवढ्यानें तिची मोहीम होत नाहीं.

सुदैवानें हें खातें तेवढ्यावरच मिटलें नाहीं. मराठी कुळांतले सखाराम गणेश देऊस्कर बंगालींत लिहूं लागले. इंग्रजी राज्यांत देश कसा नागवला गेला हें सांगणारा त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ सालीं निघाला आणि १९१० मध्यें सरकारानें त्यास बंदी केली. शिवाजी उत्सव बंगालमध्यें रुजविण्याच्या कामीं ते पुढें होते; त्यासाठीं रवींद्रनाथांनीं कविता लिहिली; आणि १९०६ मध्यें टिळक स्वतः त्या उत्सवासाठीं कलकत्त्यास गेले. तलवारीनें पाडलेली दरी लेखणीनें भरून निघाली, याचें हें चांगलें उदाहरण होय.

आणि महाराष्ट्रावर या नगरीचें ऋण तरी केवढें! राममोहन राय यांनीं १८२८ मध्यें येथें ब्राह्मसमाज स्थापिला. पुढल्याच वर्षीं, १८२९ च्या डिसेंबरांत, सतीची चाल कायद्यानें बंद झाली. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं शास्त्राचा आधार शास्त्रांतूनच काढून दाखविला आणि १८५६ मध्यें विधवाविवाहाचा कायदा झाला. केशवचंद्र सेन १८६४ मध्यें मुंबईस येऊन बोलले, आणि तेथें पडलेलें बीं तीन वर्षांनीं प्रार्थनासमाजाच्या रूपानें उगवलें. पंडिता रमाबाई १८७८ मध्यें या शहरांत आल्या. इकडे बायकोस संस्कृत शिकविलें म्हणून जिच्या बापास जातभाईंनीं छळलें, तिची परीक्षा घेऊन कलकत्त्याच्या पंडितांनीं तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ मध्यें कलकत्त्यानजीकच्या श्रीरामपूर कॉलेजांत भरसभेंत उभें राहून आपण अमेरिकेस वैद्यकी शिकावयास कां जातों हें सांगितलें, आणि कलकत्त्याहूनच त्यांचें जहाज निघालें. त्याच वर्षीं कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या दोघी कलकत्ता विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. आमच्या कित्येक सुधारणांचें सासर पुणें-मुंबई असेल. माहेर धुंडाळूं गेलें तर तें पुष्कळदां हुगळीच्या कांठींच सांपडतें.

आमचें काम हायकोर्टांत होतें. बेल्जमांतील ईपर शहराच्या कापडबाजाराच्या जुन्या इमारतीवरून या कोर्टाचा आराखडा घेतला आणि १८७२ मध्यें ती इमारत पुरी झाली. त्या लाल कमानींखालून फिरतांना आमच्या मनांत मात्र त्याहून जुन्या न्यायासनाचा विचार घोळत होता. १७७४ मध्यें फोर्ट विल्यम येथें सुप्रीम कोर्ट बसलें आणि दुसऱ्याच वर्षीं महाराजा नंदकुमार यांस खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून फांशीं दिलें. बनावट दस्तास देहान्त शिक्षा ही इंग्लंडांतली रीत. इकडे ती कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती. कायदा ज्यांच्यावर चालवावयाचा त्यांस न विचारतां, त्यांची स्थिति न पाहतां तो वरून आणून ठेविला म्हणजे काय होतें, याचा हा पहिला धडा याच शहरानें घेतला. हा धडा पुढें आम्हांस उपयोगीं पडणार आहे.

कोर्टाचें काम आटोपल्यावर उरलेले दिवस आम्ही पायीं हिंडलों. कॉलेज स्ट्रीटच्या दोहों बाजूंस पुस्तकांचीं खोपटीं एकास एक खेटून उभीं आहेत. विद्यार्थी, प्रोफेसर आणि कारकून एकाच फळीपुढें उभे राहून एकाच जुन्या प्रतीसाठीं घासाघीस करितात. आम्हीं एक कायद्याचें जुनें पुस्तक मागितलें. दुकानदारापाशीं तें नव्हतें. त्यानें आम्हांस हातीं धरून चौथ्या दुकानीं नेलें, आणि तेंहि आपल्या गल्ल्यावर कोणास न बसवितां. जवळच अल्बर्ट हॉलमधील कॉफीगृहांत एका पेल्यावर दोन दोन तास वाद चालतात. वाद कशाचा, हें आम्हांस पुरतें उमगलें नाहीं. पण बोलणाराचा आवाज चढला तरी ऐकणारा उठून जात नाहीं, हें पाहून आमच्या इकडील कित्येक सभांची आठवण होऊन वाईट वाटलें. वाट विचारली तर मनुष्य वाट सांगत नाहीं, बरोबर चालूं लागतो.

कुमारटुलींत गेलों तेव्हां सरस्वतीपूजेस दोनच दिवस उरले होते. पेंढा वळून, सुतळीनें बांधून त्याची मूर्ति करावयाची, त्यावर गंगेच्या मातीचे थर द्यावयाचे, वाळल्यावर रंग. अरुंद बोळाच्या दोहों अंगांस शेंकडों सरस्वती रांगेनें उभ्या होत्या; कोणास अजून हात नव्हते, कोणास डोळे नव्हते. दुर्गापूजेस २०२१ मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें, हें आम्ही वाचून होतों. पण त्या वारशाचे खरे धनी गुडघ्यापर्यंत चिखलांत उभे राहून पेंढा वळीत होते. शहराच्या पूर्वेस पाणथळ जमिनीचा सुमारें १२,५०० हेक्टरांचा टापू आहे. शहराचें सांडपाणी तेथील तळ्यांत उन्हानें आणि शेवाळानें निवळतें, त्यावर मासे पोसतात, भाजी पिकते, आणि तीच पुन्हां शहराच्या बाजारांत येते. २००२ मध्यें या टापूस रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळालें. कोट्यवधि रुपयांचीं यंत्रें करतील तें काम तेथील कोळी आणि शेतकरी आपल्या हातांनीं करीत आले आहेत. शहर मात्र त्यांजकडे पाठ करून बसलें आहे.

उत्तर भागांतले जुने वाडे पाहून वकील म्हणून आम्हांस खेद झाला. खांबांच्या ओळी, मध्यें पूजेचा दालन-चौक, आणि सज्जाच्या भेगेंतून वर आलेला पिंपळ. एकेका वाड्याचे वीस-वीस, तीस-तीस हिस्सेदार. कांहीं भाग देवाच्या नांवें. भाडेकरू जुने, भाडें नाममात्र. दुरुस्तीस सर्वांची संमति लागते, पडण्यास कोणाचीच लागत नाहीं. बंगालचा वारसाधर्म दायभाग, आमचा मिताक्षरा. पण भाऊबंदकी दोहोंकडे सारखीच विद्वान दिसली.

येथवर जें लिहिलें तें कोणत्याहि प्रवाशानें लिहिलें असतें. आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिजकडे वळतों.

सहाव्या दिवशीं सायंकाळीं बऊबाजाराकडून आम्ही यजमानांसह परत येत होतों. त्यांचें वय सत्तरीच्या पलीकडचें, गुडघे दुखत होते, आणि त्या बोळांतून मोटार जाणें शक्य नव्हतें. कोपऱ्यावर एक हातरिक्षा उभी होती. दोन उंच लांकडी चाकें, वर बैठक, पुढें दोन दांड्या. आणि दांड्यांच्या मध्यें घोडा नव्हे, बैल नव्हे, आमच्याच वयाचा एक मनुष्य. बोटांत अडकविलेली पितळी घंटा तो दांडीवर आपटीत होता. यजमान संवयीनें चढून बसले आणि आम्हांस शेजारीं बोलावूं लागले. आम्हीं तत्काळ नकार दिला. माणसानें माणसास ओढावें हें आम्हांस मान्य नाहीं, आम्ही पायीं चालूं, असें आम्हीं बऱ्याच मोठ्या आवाजांत सांगितलें. तें सांगतांना आपण कांहीं तरी थोर करीत आहों असें आम्हांस वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

तो गाडी ओढणारा बिहारकडला होता. त्यानें आमच्याकडे पाहिलें आणि शांतपणें म्हटलें, “बाबू, तुम्ही बसलां नाहीं तर माझें ओझें हलकें होणार नाहीं, माझी मजुरी तेवढी अर्धी होईल.” आम्हीं खिशांत हात घालून दोघांच्या भाड्याचे पैसे पुढें केले. त्यानें ते घेतले नाहींत. न ओढतां पैसे घेणें ही भीक झाली, आणि भीकच मागावयाची असती तर गांव सोडून कशास आलों असतों, असें तो म्हणाला. गाडी त्याची स्वतःची नव्हती. गिऱ्हाईक मिळो न मिळो, मालकास रोजचें भाडें द्यावेंच लागे. पोरगा गांवीं शाळेंत होता. निजावयास जागा जेथें गाड्या ठेवतात त्याच आवारांत.

आम्ही बसलों. वाचकांस हें वाचून राग येईल तर तो आम्हांस पात्रच आहे. सुमारें पाऊण मैल गेलों. बैठक इतकी उंच कीं ओढणाराचें डोकें आमच्या पायांच्या अंगास येतें. समोर त्याची पाठ, आणि थंडीच्या दिवसांत तिच्यावर फुटलेला घाम. यजमान विद्यासागरांच्या राहत्या घराविषयीं कांहीं सांगत होते. आमच्या कानांत घंटेची टिणटिण आणि त्या माणसाचा श्वास यांपलीकडे कांहीं शिरत नव्हतें.

रात्रीं यजमानांशीं याच विषयावर बोलणें झालें. ते म्हणाले, तुम्ही हिवाळ्यांत आलां, श्रावणांत या. गुडघाभर पाणी तुंबतें, ट्रॅम थांबते, मोटारी बंद पडतात, तेव्हां आजारी माणसास दवाखान्यांत आणि पोरांस शाळेंत नेणारी हीच एक गाडी उरते. हें खरें असेल. पण पाणी तुंबणें हा गटारांचा दोष. त्याची भरपाई बिहारच्या भूमिहीन मजुराच्या फुफ्फुसांतून कां करावयाची, याचें उत्तर त्यांजपाशींहि नव्हतें.

ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांआड होती असें नाहीं. बिमल रॉय यांनीं १९५३ मध्यें ‘दो बिघा जमीन’ या चित्रपटांत कलकत्त्याचा हातरिक्षावाला सर्व देशापुढें उभा केला. बलराज साहनींनीं त्या कामासाठीं याच रस्त्यांवर रिक्षा ओढून पाहिली. देश रडला आणि घरीं गेला. पुढें २००५ मध्यें राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं ही चाल अमानुष असल्याचें सांगून ती बंद करण्याचें जाहीर केलें, आणि २००६ मध्यें विधानसभेनें जुन्या १९१९ च्या कायद्यांत दुरुस्तीहि मंजूर केली. विरोध झाला, प्रकरण कोर्टांत गेलें, आणि गाड्या रस्त्यावर राहिल्या. विरोध कोणी केला? ज्यांच्या मानेवरचें जूं उतरावयाचें त्यांनींच! वरवर पाहणारा म्हणेल, दास्याची संवय जडली. आम्ही तसें म्हणणार नाहीं. जूं उतरल्यावर पोटास काय, याचें उत्तर ज्या कायद्यांत पुरतें नाहीं, त्यास ओढणारा मनुष्य विरोध करील नाहीं तर काय करील?

कलकत्त्यास हा अनुभव नवा नव्हता. सन १८२७ मध्यें याच शहरांत पालख्या वाहणाऱ्या भोयांनीं संप केला होता. सरकारानें त्यांच्या दंडावर बिल्ले बांधण्याचा आणि मजुरीचे दर बांधून देण्याचा नियम काढला. भोयांस कोणी विचारलें नव्हतें. त्यांनीं पालख्या खालीं ठेविल्या आणि साहेबलोक घरांत अडकून बसले. ब्राह्मसमाज पुढच्या वर्षीं निघाला. म्हणजे ब्राह्मसमाजाची पहिली सभा भरण्याच्या आधीं, पालखी उचलणारांनीं आपलें गाऱ्हाणें मांडून झालें होतें. पालखींत बसणारांस तें ऐकूं गेलें नाहीं, हा आमच्या सुधारणेचा जुना दोष आहे. विधवेचें दुःख आम्हांस कळलें, कारण ती आमच्या माजघरांत होती. रिक्षावाला माजघरांत नव्हता. तो दाराशीं उभा होता.

आतां हें सर्व वाचून महाराष्ट्रांतला वाचक जर म्हणूं लागेल कीं, बंगाली बाबूंचें हें असें, तर त्यानें क्षणभर थांबावें. मुंबईपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर माथेरान आहे. तेथें मोटारींस मनाई, हवा शुद्ध, झाडी दाट. आणि त्या शुद्ध हवेंत लाल मातीच्या चढावावरून सहल करणारांस हातरिक्षांतून ओढून नेण्याची चाल थेट आमच्या दिवसांपर्यंत चालत आली. ओढणारे मराठी, बसणारेहि पुष्कळसे मराठी. शेवटीं ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही चाल माणसाच्या प्रतिष्ठेस विरोधी ठरवून सहा महिन्यांच्या आंत ती बंद करण्याचा हुकूम दिला. त्या पीठाचे अध्यक्ष, तेव्हांचे सरन्यायाधीश भूषण गवई हे अमरावतीचे, म्हणजे आमच्याच मातींतले. हुकुमाची भाषा कडक आहे. पण आम्हांस तिच्यापेक्षां पुढला भाग मोलाचा वाटतो. राज्यानें ई-रिक्षा खरेदी कराव्या आणि जे आजवर हातरिक्षा ओढीत आले त्यांस त्या भाड्यानें चालविण्यास द्याव्या, गुजरातेंत केवडिया येथें जशी व्यवस्था केली आहे तशी. आणि पैसे नाहींत ही सबब सांगूं नये, असें न्यायालयानें बजावलें आहे. याच न्यायासनावरून १९८० मध्यें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं पंजाबांतील सायकल-रिक्षावाल्यांच्या खटल्यांत हाच मार्ग दाखविला होता. तेथील कायदा म्हणे, मालक असेल त्यासच परवाना. गरीब ओढणारा मालक कोठून होणार? न्यायालयानें बँकेच्या कर्जाची योजना आंखून ओढणाऱ्यासच मालक करण्याची वाट काढली. मनाई आणि भाकरी एकाच कागदावर लिहिली पाहिजेत, हें त्या दोन्ही निकालांचें सार होय. नंदकुमारापासून चालत आलेल्या धड्याचें खरें उत्तर तेंच.

हेंच कलकत्त्यास कां होऊं नये? आम्हांस तीन आक्षेप ऐकूं आले. पहिला, ही शहराची जुनी ओळख आहे, वारसा आहे. वारसा जपावयाचा तर शहरांत १८१४ सालापासूनचें संग्रहालय आहे. एक गाडी तेथें ठेवावी आणि खालीं खरी हकीकत लिहावी. गंमत अशी कीं, १८७३ मध्यें घोड्यांनीं आणि १९०२ पासून विजेनें चालूं लागलेली ट्रॅम, जिनें कोणाचा घाम गाळला नाहीं, ती मैदानाजवळचा एक लहानसा मार्ग वगळून बंद करण्याचा विचार सरकारानें २०२४ मध्यें जाहीर केला; त्यावर लोक रडले तें योग्यच. माणूस ओढतो ती गाडी मात्र वारसा म्हणून राहावी, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. दुसरा आक्षेप, बोळ अरुंद आहेत. ते हातरिक्षेस पुरत असतील तर छोट्या ई-रिक्षेसहि बहुतेक ठिकाणीं पुरतील. तिसरा आक्षेप, ओढणारे म्हातारे झाले, नवें यंत्र त्यांच्यानें चालवणार नाहीं. हा आक्षेप खरा आहे. आणि म्हणूनच म्हाताऱ्यांस पेन्शन व तरुणांस गाडी, अशी दुहेरी योजना पाहिजे. यादी करावयाची ती मालकांच्या परवान्यांवरून नव्हे. दांड्या ज्यांच्या हातांत आहेत त्यांची, त्यांच्या डेऱ्यांत जाऊन. नाहीं तर नव्या गाड्या जुन्या मालकांच्या दारीं जातील आणि ओढणारा पुन्हां रिकाम्या हातानें बिहारच्या गाडींत बसेल. ज्या नगरीखालून १९८४ मध्यें देशांतली पहिली भुयारी रेल्वे धांवली, आणि २०२४ मध्यें जिनें नदीच्या तळाखालून रेल्वे नेली, तिला हें अवघड आहे असें कोणी सांगूं लागला तर आम्ही विश्वास ठेवणार नाहीं.

आमच्या सरकारासहि दोन शब्द. निकाल मिळाला म्हणजे काम झालें, असें समजण्याची आम्हां वकिलांस खोड आहे आणि सरकारास सोय आहे. सतीबंदीचा कायदा एका दिवसांत झाला. विधवाविवाहाचा कायदा होऊन पन्नास वर्षें लोटलीं तरी विवाह बोटांवर मोजण्याइतकेच होत. माथेरानच्या प्रत्येक ओढणाऱ्याच्या नांवापुढें त्यास काय मिळालें हें लिहिलेली यादी चावडीवर लागावी, आणि ती लागली कीं नाहीं हें मराठी वर्तमानपत्रांनीं जाऊन पाहावें. आम्ही आमच्यापुरतें तें काम अंगावर घेतों.

निघण्याच्या दिवशीं यजमान स्टेशनापर्यंत आले. हावड्याच्या फलाटावर आमच्या सामानांत कॉलेज स्ट्रीटवर घेतलेल्या पुस्तकांची एक जड पेटी होती. त्यांत राममोहन होते, विद्यासागर होते, आणि ती पेटी एका लाल अंगरख्याच्या हमालानें डोक्यावर घेतली होती. तो पुढें चालला होता आणि आम्ही रिकाम्या हातांनीं मागें. डब्याशीं पोंचल्यावर पेटी उतरवावयास आम्हीं हात लाविला, तेव्हां ती किती जड आहे तें आम्हांस प्रथम कळलें.